बसलेला आवाज, विजेची पट्टी आणि पाण्यातले बुडबुडे

एप्रिलच्या १५-१६ तारखेला आपल्या कोणत्याही वाडीत जाऊन पाहा, निम्म्या माणसांचे आवाज बसलेले असतात. घोषणा देऊन तरुणांचे, रात्रभर गाऊन गायक मंडळींचे, आणि मिरवणुकीत पोरे सांभाळता सांभाळता बायकांचे. "काय गो, आवाज कुठं ठेवलास?" असे एकीने विचारावे आणि दुसरीने घोगऱ्या सुरात "मिरवणुकीत सांडला!" म्हणावे, असा विनोदही होतो. हळद घातलेले दूध, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची काडी असे घरचे उपाय होतात आणि चार-सहा दिवसांत आवाज परत जागेवर येतो. योगायोग असा, की १६ एप्रिल हाच दिवस जगभर 'आवाज दिन' म्हणून पाळला जातो. ब्राझील देशातील डॉक्टरांनी १९९९ साली तो सुरू केला. त्यांना आपली जयंती ठाऊक असण्याचे कारण नाही, पण तारीख मात्र नेमकी साधली गेली!

वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख त्या चार-सहा दिवसांत परत येणाऱ्या आवाजाबद्दल नाही. जो आवाज परत येत नाही, महिनोन्‌महिने घोगरा, फाटका, दमलेला राहतो, त्याबद्दल आहे. ज्यांची भाकरीच आवाजावर अवलंबून आहे त्यांची संख्या आपल्यात थोडी नाही. एस.टी.चा कंडक्टर, मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा, टोपली घेऊन दारोदार हाका मारणारी मासळीवाली, एकाच खोलीत दोन-दोन वर्ग घेणारे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, लग्नविधी आणि जलदानविधी लावणारे बौद्धाचार्य, भीमगीतांचे गायक. सुताराची करवत बोथट झाली तर तो तिला धार लावून आणतो. या माणसांचे हत्यार घशात आहे, आणि ते बिघडले तर धार लावायला न्यायचे कुठे हेच माहीत नसते.

या बिघडलेल्या आवाजावर गेल्या काही वर्षांत एक उपाय पुढे आला आहे. आवाजाचे व्यायाम आणि त्याच्या जोडीला विजेचे हलके स्पंदन. 'वीज' म्हटल्यावर घाबरू नका. ती भिंतीतल्या २३० व्होल्टची वीज नव्हे. गुडघा-कंबर धरली म्हणजे फिजिओथेरपीच्या दवाखान्यात छोट्या पट्ट्या चिकटवून जो 'करंट' देतात, त्याच जातीचा हा प्रकार. यंत्र लहानशा बॅटरीवर चालते. तो खरोखर उपयोगी आहे का, कोणाला, आणि आपल्यासारख्यांनी त्यामागे पैसे घालावेत का, हे पाहण्यासाठी आधी आवाज निघतो कसा ते समजून घेऊ.

आवाजाचे यंत्र

गळ्याला पुढून हात लावला की जो टणक उंचवटा लागतो, तिथे आत स्वरयंत्र असते. त्यात दोन स्वरतंतू असतात. 'तंतू' म्हणतात खरे, पण ते तारेसारखे नसतात, ओठांसारख्या दोन लवचीक घड्या असतात. लांबी जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर. आपण श्वास घेतो तेव्हा त्या एकमेकींपासून दूर होतात. बोलायचे ठरवले की जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरू लागतात. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला साधारण १२० वेळा, बाईच्या बोलण्यात २०० ते २२० वेळा. लहान मुलांत त्याहून जास्त.

हा आकडा जरा हिशेबात मांडून बघा. एखाद्या शिक्षिकेचा आवाज दिवसात एकूण एक तास लागला, तर तिच्या स्वरतंतूंची घडी सुमारे आठ लाख वेळा एकमेकींवर आपटते. पुरुषाची त्याच वेळात सव्वाचार-साडेचार लाख वेळा. बायकांना आवाजाचा त्रास जास्त का होतो, त्याचे एक कारण इथेच आहे. वर बाईने घरी येऊनही गप्प बसायचे नसते. धुणीभांडी, पोरांचा अभ्यास, सासूबाईंना कमी ऐकू येते म्हणून मोठ्याने बोलणे, हे सगळे त्याच दोन घड्यांवर.

हे स्वरतंतू जिवंत माणसाच्या गळ्यात हलताना प्रथम नीट पाहिले ते डॉक्टराने नव्हे, एका गाण्याच्या मास्तराने. मान्वेल गार्सिया हे त्याचे नाव. १८५४ साली त्याने दाताच्या डॉक्टरकडचा असतो तसला लांब दांड्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्याचा उजेड त्यावर पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढे हा गृहस्थ १०१ वर्षे जगला. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने जी तपासणी करतात, तिची सुरुवात त्या आरशापासून झाली.

हाताला पडतात तसे घट्टे

कुदळ-फावडे चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तसेच घट्टे स्वरतंतूंनाही पडतात. सतत ताणून, ओरडून बोलले की दोन्ही घड्या जिथे सर्वांत जोरात आपटतात, म्हणजे पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावर, तिथे दोन्हीकडे समोरासमोर लहान गाठी उठतात. ही कर्करोगाची गाठ नव्हे. पण त्या गाठींमुळे घड्या नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज हवेशीर, घोगरा होतो. मग माणूस काय करतो? आवाज निघत नाही म्हणून आणखी जोर लावतो. जोर लावला की घट्टा आणखी वाढतो. आमच्याकडच्या कित्येक गायकांचा आवाज ऐन चाळिशीत गेला तो असाच. लोक म्हणतात, नजर लागली. नजर-बिजर काही नाही, घट्टे पडले!

दुसरा प्रकार आणखी फसवा. दुर्बिणीतून पाहिले तर गाठ नाही, सूज नाही, काही नाही. तरी आवाज दबलेला, ओढून काढल्यासारखा. इथे दोष स्वरतंतूंचा नसून भोवतालच्या स्नायूंचा असतो. स्वरयंत्र हे गळ्यात टांगलेले असते. जबड्याच्या खालचे, मानेचे, छातीच्या वरचे स्नायू त्याला झुल्यासारखे धरून असतात. हे स्नायू आखडले की स्वरयंत्र वर ओढले जाते आणि आवळले जाते. अशा माणसाची मान, खांदे दाबून पाहिले तर दगडासारखे लागतात. बोलल्यावर गळा दुखतो, मानेच्या मागे ठणकते, दुपारपर्यंत आवाज थकतो. खांद्याचा आणि आवाजाचा काय संबंध, असे वाटेल. पण मान आणि खांदे सैल सोडून 'आ' म्हणा, आणि मग खांदे कानांपर्यंत उचलून, मान ताठ करून 'आ' म्हणा. फरक तुमचा तुम्हालाच ऐकू येईल.

विजेच्या पट्टीचे काम नेमके याच आखडलेल्या स्नायूंपाशी सुरू होते.

माशापासून यंत्रापर्यंत

विजेने दुखणे कमी करण्याची कल्पना नवी नाही. रोमच्या स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या वैद्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा लावावा. असे मासे आपल्या अरबी समुद्रातही आहेत. जाळ्यात आलेला तसला मासा चुकून हातात धरल्यावर काय होते, ते आपल्या कोळी बांधवांना विचारा!

त्यामागचे शास्त्र मात्र १९६५ साली पुढे आले. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी असे मांडले, की वेदना मेंदूकडे जाताना मणक्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. चोळणे, दाबणे, गुदगुल्या अशा साध्या स्पर्शाच्या संवेदना त्या वाटेने भरपूर आल्या, की फाटक वेदनेसाठी अर्धवट मिटते. कोपर आपटले की आपण आपोआप चोळतो, ते त्यामुळेच. मग हाताने चोळण्याऐवजी कातडीवर पट्टी लावून विजेची बारीक टिकटिक दिली तर? त्यातून जे यंत्र १९७०च्या दशकात घडले त्याला 'टेन्स' म्हणतात. ठणका मारणाऱ्या दुखण्यावर ते जगभर वापरले जाते.

टिकटिक जलद आणि हलकी ठेवली तर नुसत्या मुंग्या येतात. सेकंदाला दहाएक इतकी संथ आणि जरा जोरकस ठेवली तर स्नायू ठेक्यात फडफडतो, जणू कोणी बोटांनी टकटक मालिश करत आहे. त्या भागात रक्त खेळते, आखडलेपण सुटते, आणि शरीर स्वतःच तयार करत असलेली वेदनाशामक द्रव्येही सुटतात असे मानतात.

ब्राझीलमधल्या बायका

हे टेन्स आवाजासाठी वापरून पाहण्याचे काम सर्वांत चिकाटीने झाले ते ब्राझीलमध्ये. साओ पाउलो राज्यात बाउरू नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठातील वाचा-उपचारतज्ज्ञ केली सिल्वेरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आवाज बिघडलेल्या वीस बायका घेतल्या. दहाजणींना टेन्स, दहाजणींना हाताने स्वरयंत्राभोवतीचे मालिश. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, अशा बारा बैठका. पट्ट्या कुठे लावल्या? गळ्याच्या मध्यावर नाही. मानेच्या मागून खांद्यावर उतरणाऱ्या मोठ्या स्नायूवर आणि जबड्याच्या खाली, दोन्ही बाजूंना. स्पंदने सेकंदाला दहा, आणि एकेक स्पंदन सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतके लहान.

मान-खांद्याचे आणि गळ्याचे दुखणे कमी झाले, आवाजातला ताणही काहीसा उतरला. पण नीट लक्षात घ्या: दहा-दहा बायकांवरचा हा अभ्यास. त्यावरून 'विजेने आवाज बरा होतो' असा फलक लावता येत नाही, आणि त्या संशोधकांनीही लावलेला नाही.

आता प्रश्न येतो तो जोडीचा. इराणमध्ये याच धर्तीवर स्नायू आखडून आवाज बिघडलेल्या बायकांवर काम झाले. त्याचा वृत्तान्त २०२० साली छापून आला. तिथे एका गटाला आवाजाचे व्यायाम दिले, दुसऱ्या गटाला व्यायाम आणि सोबत टेन्स. दोन्ही गट सुधारले. ज्यांना जोड मिळाली त्या काही बाबतींत थोड्या अधिक सुधारल्या. मला या अभ्यासातले पहिले वाक्य जास्त महत्त्वाचे वाटते: दोन्ही गट सुधारले. म्हणजे ज्या गटाला विजेची पट्टी लागलीच नाही तोही. गाडी ओढणारा बैल व्यायाम आहे, विजेची पट्टी म्हणजे चाकाला दिलेले वंगण.

आवाजाची नस दुखावली तर

एक वेगळा प्रकार आहे, त्याकडे मात्र जरा निराळ्या नजरेने पाहावे लागते. स्वरतंतू हलवणारी जी नस असते तिचा मार्ग मोठा विचित्र आहे. मेंदूतून निघून ती मानेतून खाली येते. डाव्या बाजूची तर थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला वळसा घालते आणि परत वर गळ्यात येते. मुंबईला जायचे म्हणून आधी गोव्याला जाऊन यावे तसे! या लांबच्या फेरीमुळे छातीतला क्षय, फुप्फुसातली गाठ, लहानपणच्या सांधेज्वराने बिघडलेल्या झडपेमुळे फुगलेले हृदय, यांपैकी काहीही त्या नसेला दाबू शकते आणि पहिली खूण म्हणून आवाज बसतो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेतही ही नस दुखावण्याचा धोका असतो. नस दुखावली की एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो, आवाज पोकळ होतो, पाणी पिताना ठसका लागतो.

जर्मनीतील हॅनोव्हर येथे मार्टिन टोक यांनी अशा एका बाजूची नस कमजोर झालेल्या ९० रुग्णांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला नुसते आवाजाचे व्यायाम. दुसऱ्याला व्यायाम करतानाच गळ्यावर विजेची स्पंदने. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा वीज-जोड मिळालेल्या गटाच्या स्वरतंतूंची थरथर अधिक नियमित झाली होती. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन गट करण्याचे कारण सोपे आहे. दुखावलेली नस कित्येकदा काही महिन्यांत आपोआपच सावरते. नुसत्या एका गटाला वीज लावून 'पाहा, बरे झाले' म्हणणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडले म्हणण्यासारखे आहे.

अमेरिकेत फ्लोरिडामध्येही २०१० साली वाकलेल्या, नीट न मिटणाऱ्या स्वरतंतूंच्या सात रुग्णांवर व्यायाम अधिक वीज असा प्रयोग झाला, त्यांनाही फायदा दिसला. सातच रुग्ण, आणि तुलनेला दुसरा गट नाही.

उलटा परिणाम

या विषयातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र आवाजाची नसून गिळण्याची आहे. पक्षाघातानंतर गिळता न येणाऱ्या रुग्णांच्या गळ्यावर पुढून पट्ट्या लावून वीज देण्याचे यंत्र अमेरिकेत सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी बाजारात आले आणि भराभर पसरले. कल्पना अशी होती, की गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्या स्नायूंना वीज दिली की ते अधिक वर जाईल. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्रिस्टी लडलो यांच्या गटाने २००६-०७च्या सुमारास क्ष-किरणांखाली प्रत्यक्ष पाहिले. झाले उलटेच! कातडीजवळचे जे पातळ स्नायू स्वरयंत्राला खाली ओढतात, त्यांनाच वीज आधी मिळत होती आणि स्वरयंत्र वर जाण्याऐवजी खाली उतरत होते. उचलणारे स्नायू खोल होते, त्यांच्यापर्यंत वीज पुरती पोहोचतच नव्हती.

म्हणून पट्टी कुठे लावली यावर सगळे आहे. दोन बोटे इकडे की तिकडे, परिणाम बदलतो. हे सांगण्याचे कारण असे, की टेन्सची यंत्रे आज औषधाच्या दुकानात आणि मोबाईलवरून मागवूनही मिळतात. कंबरेसाठी घरात आणलेले यंत्र एखादा हौशी माणूस गळ्याला लावून बघेल, याची मला खरोखर भीती वाटते. तसे करू नका. मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोटाला नाडी लागते, तिथे रक्तदाब सांभाळणारी जागा असते. तिथे वीज बसली तर रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला स्वरयंत्र आवळून श्वास कोंडण्याचाही धोका आहे. हृदयात पेसमेकर असलेला, फिट येणारा, गरोदर बाई, गळ्यात कर्करोग असलेला किंवा त्याची शंका असलेला माणूस यांनी तर जाणकाराच्या सल्ल्याशिवाय याच्या जवळही जाऊ नये.

फुकटचा व्यायाम

आता बैलाकडे, म्हणजे व्यायामाकडे वळू. यातला सर्वांत साधा आणि चांगला व्यायाम करायला शहाळ्याबरोबर मिळते तसली एक नळी आणि अर्धा पेला पाणी पुरे. नळीचे टोक बोटाच्या एका पेराइतके पाण्यात बुडवा. ओठ नळीभोवती मिटून नुसते फुंकू नका, 'ऊ' असा आवाज काढत फुंका. पाण्यात बुडबुडे आले पाहिजेत आणि आवाजही लागला पाहिजे. मान, खांदे सैल. गळ्याला जोर नाही. दोन-तीन मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. पोरे हसतील, हसू द्या, त्यांनाही बसवा सोबत.

हे काही कोणाच्या डोक्यातून काल आलेले खूळ नाही. फिनलंडमध्ये आन्ती सोव्हिआर्वी या ध्वनितज्ज्ञाने १९६०च्या दशकात काचेची नळी पाण्यात धरून हा उपचार रूढ केला. पुढे अमेरिकेतील इंगो टिट्झे यांनी त्यामागचे गणित मांडले. तोंडाशी वाट अरुंद झाली की हवेचा दाब मागे स्वरतंतूंपर्यंत परत येतो. त्या गादीवर घड्या अलगद थरथरतात, एकमेकींवर जोरात आपटत नाहीत. म्हणजे घट्ट्याला विश्रांती आणि आवाजाला सराव, दोन्ही एकदम.

पाणी-नळी नसेल तिथे ओठ थरथरवत मुले गाडी-गाडी खेळताना काढतात तसा 'ब्र्र्र' आवाज काढावा. कंडक्टर बंधूंना गाडी सुटण्याआधी हे जमण्यासारखे आहे, एंजिनाच्या आवाजात कोणाला कळणारही नाही! तिसरा, ओठ मिटून 'म्म्म' असे गुणगुणणे. पाली गाथांत जागोजागी अनुस्वार येतो, हे आपल्या सर्वांना पाठ आहे. वंदना घेताना तो अनुस्वार घाईत न खाता नाकात घुमू दिला, तर ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी बारीक गुणगुण जाणवते. आवाज जोर न लावता लागल्याची ती खूण. आमचे बौद्धाचार्य दिवसाला दोन-दोन विधी लावतात, त्यांनी तरी हे जरूर करून पाहावे.

हे व्यायाम सर्वांना चालतात. पण घट्टे, लुळा स्वरतंतू, आखडलेले स्नायू यांना वेगवेगळे व्यायाम लागतात, आणि ते स्पीच थेरपिस्टने समोर बसवून शिकवावे लागतात. लुळ्या स्वरतंतूला दिलेला जोराचा व्यायाम घट्टे असलेल्याने केला तर घट्टे वाढतील.

काही गैरसमजही काढून टाकू. आवाज बसला की पुष्कळ लोक कुजबुजत बोलतात. जोराने कुजबुजण्याने स्वरतंतूंवर ताणच येतो. त्यापेक्षा हळू पण साध्या आवाजात बोलावे, किंवा गप्प बसावे. सारखे खाकरणे म्हणजे घड्या एकमेकींवर घासणे. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. ज्येष्ठमध आणि मध घशाला बरे वाटावे म्हणून ठीक आहेत, पण गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंना लागत नाही. लागली तर ठसका लागतो! त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्याने आणि वाफेने. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवे झाले तर पोटातले आम्ल घशाशी येते आणि सकाळी आवाज घोगरा होतो. जयंतीचे कार्यक्रम रात्री बाराला संपतात आणि जेवण एकला होते, तेव्हा गायक मंडळींनी याचा विचार करावा.

गायकांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आपल्या जलशांची जुनी पिढी लाउडस्पीकर नसताना गावोगाव मोकळ्या मैदानात गायली. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्यांनी सारे आयुष्य त्यात घातले. आज माइक आहे, तरी गायक ओरडतो, कारण वाद्ये इतकी मोठी लावलेली असतात की त्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही. मंडळाने गायकाच्या पुढ्यात त्याचा आवाज त्याला ऐकवणारा एक छोटा स्पीकर ठेवला तर अर्धे काम होईल. डीजेचे भाडे द्यायला वर्गणी जमते, मग याला का जमू नये?

तीन आठवडे

सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर वीज नको, व्यायाम नको, आधी घसा दुर्बिणीने तपासून घ्यावा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर एक दिवसही टाळू नये. स्वरतंतूचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, नुसता आवाज बदलतो. त्या टप्प्यावर सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, अनेकदा नुसत्या किरणोपचाराने आणि आवाज शाबूत ठेवून. सहा महिने काढे घेत बसले तर ती वेळ निघून जाते. आमच्या आया-बहिणी मिश्री लावतात; तीही तंबाखूच आहे, तोंडाचा आणि घशाचा धोका तिलाही आहे. गिळताना दुखणे, मानेत गाठ, थुंकीतून रक्त, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, यांतले काही असेल तर तीन आठवडेही थांबू नये. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे आणि घोगरा आवाज असे एकत्र असेल तर क्षयाची तपासणीही करावी. स्वरयंत्राला क्षय होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते.

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवता येते. २०२३ सालापासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तपासणीनंतर 'गाठ नाही, स्नायूंचा ताण आहे' किंवा 'घट्टे आहेत' असे निदान झाले, तर स्पीच थेरपीसाठी चिठ्ठी मागून घ्यावी. आपण होऊन मागावी लागते. मुंबईत चाकरमानी नातेवाईक असतील तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे (स्थापना १९८३), आणि मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेच्या नायर रुग्णालयात वाचा-उपचाराचे शिक्षण देणारा जुना विभाग आहे. खाजगीत जायचे तर त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. १९९२च्या कायद्याने ती नोंदणी आवश्यक आहे.

कोणी तुम्हाला विजेच्या बैठका सुचवल्या, तर तीन प्रश्न विचारा. दुर्बिणीने तपासणी झाली आहे का? पट्ट्या कुठे लावणार? सोबत व्यायाम कोण शिकवणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे देऊ नका. आणि बारा बैठकांचा खर्च नुसता फीचा नसतो. राजापूर किंवा मंडणगडच्या बाईला आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला यायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली बारा दिवसांची मजुरी आली. अशांनी उपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे, की मला दर आठवड्याला येणे जमणार नाही. घरी करायचे व्यायाम नीट शिकवा, कागदावर लिहून द्या, मी महिन्याने दाखवायला येते. चांगला उपचारतज्ज्ञ याला नाही म्हणणार नाही.

जाताना आधीचे कागद, चालू गोळ्यांची नावे आणि आवाज कोणत्या दिवसापासून बसला ती तारीख लिहून न्यावी. मोबाईलमध्ये पूर्वीचा, चांगल्या आवाजातला एखादा व्हिडिओ असेल, लग्नातला, शाळेतला, जयंतीतल्या गाण्याचा, तर तोही सोबत असू द्यावा. आवाज किती बदलला हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळते.